आत्याबाई आणि मामंजी

आमच्याकडच्या जुन्या घरांत सून सासूला 'आत्याबाई' म्हणते आणि सासऱ्याला 'मामंजी'. आताच्या मुली 'आई-बाबा' म्हणतात, काही 'मम्मी-पप्पा'ही म्हणतात, तेही कानाला गोडच लागतं. पण जुन्या हाकांमध्ये एक माहिती दडलेली होती. सून येते ती आपल्या आत्याच्या घरी, हे भाषेनं धरूनच ठेवलं होतं. आमच्या बिदर-कलबुर्गीकडे मराठीच्या जोडीला कन्नड कानावर असतेच. कन्नडमध्ये तर वेगळे शब्दही लागत नाहीत. 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही. 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही.

माझ्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. माझ्या सासूबाई म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. माझं माहेर उदगीर तालुक्यातलं आणि सासर भालकी तालुक्यातलं. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा जुना बिदर जिल्हा फाटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले आणि पुढे महाराष्ट्रात आले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. कागदावर आमचं माहेर-सासर दोन राज्यांत पडलं, पण सोयरिकी थांबल्या नाहीत. आजीनं आपल्या भावाची मुलगी स्वतःच्या मुलाला करून घेतली, ती माझी आई. आत्यानं आपल्या भावाची मुलगी केली, ती मी. आता पाळी माझी होती.

गेल्या वर्षी दादानं विषय काढला. त्याची मुलगी माझ्या मुलाला द्यायची. आमच्यात ही रीतच आहे आणि रीतीत सोयही असते. मुलगी डोळ्यांसमोर राहते, देण्याघेण्याचा वाद नसतो, खाण्यापिण्याचे नियम, सूर्यास्ताआधीचं जेवण, चातुर्मासातली व्रतं नव्यानं शिकवावी लागत नाहीत. कायद्याचंही म्हणाल तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात, जो आम्हा जैनांनाही लागू आहे, जवळच्या नात्यात लग्नाला मनाई आहे. पण जिथे तशी रूढी आहे तिथे मोकळीकही आहे. सासूबाईंनी तर मनातल्या मनात मांडव घातला. मला त्या अजून आत्याच, म्हणून पुढे आत्याच लिहिते. त्या ८१ वर्षांच्या आहेत. डोळे मिटायच्या आत नातसून बघायची, आणि तीही माहेरच्या रक्ताची, यापलीकडे त्यांना काही नको होतं.

भाची औषधशास्त्र शिकलेली आहे. ती म्हणाली, "आत्या, हो-नाही नंतर सांगते. आधी एकदा डॉक्टरांना विचारू या ना."

कारण घरात सगळ्यांसमोर होतं. माझे धाकटे दीर, आत्यांचे दुसरे चिरंजीव, यांना जन्मापासून ऐकू येत नाही. शिवणकामात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नसेल. ओठांवरून ते बोलणं ओळखतात आणि बाकीचं चिठ्ठीवर लिहून भागवतात. शिवाय माझ्या आईची पाचांपैकी दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती. त्या काळी मुलं जायचीच, म्हणून कुणी कारण विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि एक कोरा कागद पुढे केला. दोन्हीकडच्या निदान तीन पिढ्या लिहून आणा म्हणाल्या. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. लहानपणी गेलेलेसुद्धा लिहायचे, आणि नात्यातल्या नात्यात लग्न झालं असेल तिथे दुहेरी रेघ.

वंशावळ आमच्याकडे होतीच. काकांनी सात पिढ्यांची करून, छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून प्रत्येक घरी भिंतीला लावायला दिली आहे. ती समोर घेऊन बसले तर एकही गोल नाही! मूळपुरुषापासून खाली सगळे चौकोनच. सात पिढ्यांत आमच्या घरात जणू एकही बाई आली नाही आणि एकही मुलगी जन्मली नाही.

काकांना तरी काय बोलायचं? वंशावळ म्हणजे असंच असतं, असं आपण सगळेच मानतो. लहानपणी शेजारच्या लिंगायतांच्या वाड्यात सुगीनंतर हेळवी यायचा. बैल, त्याच्या गळ्यात घंटा, बरोबर चोपड्यांचं गाठोडं. घराण्यांच्या वंशावळी सांगणं हा या हेळव्यांचा पिढीजात धंदा. ओसरीवर बसून तो खड्या आवाजात अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा असं वाचत जायचा आणि धान्य, कापड, दक्षिणा घेऊन पुढच्या गावी जायचा. मी खांबाआडून ऐकायची. माझ्या मैत्रिणीचं नाव कधी येतंय याची वाट बघायची. ते काही आलं नाही.

मग मी आत्यांकडे गेले. दुपारी त्या तांदूळ निवडत बसतात, तेव्हा वही घेऊन समोर बसायचं असं सव्वा महिना चाललं. सन त्यांना ठाऊक नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा. ही रझाकारांच्या गडबडीत जन्मली, म्हणजे १९४८च्या आसपास. तिचं लग्न मोठ्या दुष्काळात, मिलोच्या भाकरीवर लागलं, म्हणजे १९७२. कुणाच्या लग्नात वरातीची गाडी ओढ्यात अडकली, कुणाला माहेरहून किती तोळ्यांची पाटली घातली, कुणाच्या बारशाला कोण रुसलं, यावरून त्या नाती जुळवत जातात. अडचण एवढीच, की प्रत्येक बाईला दोन नावं. माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं. आत्यांनी 'चंपा' म्हणून सांगितलेली बाई आणि आईनं 'पद्मावती' म्हणून सांगितलेली बाई एकच आहे, हे कळायला मला चार दिवस लागले. त्यात नातीला आजीचं नाव ठेवायची पद्धत. एका रेघेवर तीन राजमती!

या चिकाटीतून जी गोष्ट बाहेर आली ती आत्यांनाही धड ठाऊक नव्हती. माझे सासरे, म्हणजे मामंजी, दुसऱ्या गावचे, दुसऱ्या आडनावाचे, म्हणून घरात ते 'बाहेरचे' समजले जात. पण मामंजींच्या आईची आई आणि माझ्या आजीची आई या सख्ख्या बहिणी निघाल्या. त्यांच्या मुली, म्हणजे मामंजींची आई आणि माझी आजी, या मावसबहिणी. मधे सगळ्या बायका, म्हणून आडनावं बदलत गेली आणि नातं नजरेआड झालं. आम्हाला माहीत होतं त्यापेक्षा एक दुहेरी रेघ जास्त निघाली.

हा कागद वाढत होता तेव्हाच एका लग्नासाठी कलबुर्गीला जाणं झालं. परतताना हट्टानं गाडी मळखेडकडे वळवली. शेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी हे गाव आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. नवव्या शतकात पहिल्या अमोघवर्षानं ती थाटली. आदिपुराणकर्त्या जिनसेनाचार्यांना तो गुरू मानत होता, म्हणून आमच्या घरांत हे नाव आदरानं घेतलं जातं. आता तिथे पडका कोट आणि नेमिनाथाची बसदी आहे. दर्शन घेऊन पायरीवर बसले आणि वाटलं, या घराण्याची वंशावळ मी बी.ए.ला पाठ केली होती. दंतिदुर्ग, कृष्ण, गोविंद, ध्रुव, पुन्हा गोविंद, अमोघवर्ष. तीही चौकोनांचीच.

घरी येऊन आळतेकरांचं राष्ट्रकूटांवरचं पुस्तक आणि मिराशींनी संपादलेले कलचुरींचे लेख मिळवले. आणि काय सांगू, ताम्रपटांत बायका आहेत! वर्धा जिल्ह्यातल्या देवळीचा ९४० सालचा ताम्रपट, कऱ्हाडचा ९५९ सालचा ताम्रपट, असे लेख एकत्र ठेवून अभ्यासकांनी राण्यांची माहेरं शोधून काढली आहेत. आम्ही पाठ केलं ते त्यांना वगळून.

मग मी वहीत दुसरं पान उघडलं. अमोघवर्षाचा मुलगा दुसरा कृष्ण, हा ८७८च्या सुमारास गादीवर आला. त्याची राणी जबलपूरजवळच्या त्रिपुरीच्या कलचुरींची, कोक्कल्ल राजाची मुलगी. तिचा भाऊ शंकरगण. कृष्णाचा मुलगा जगत्तुंग, त्याला शंकरगणाच्या दोन मुली दिल्या, लक्ष्मी आणि गोविंदांबा. म्हणजे मामाच्याच मुली. त्रिपुरीहून निघालेल्या त्या दोघी बहिणी मान्यखेटला आल्या त्या आपल्या आत्याच्या घरी! जगत्तुंग गादीवर बसायच्या आधीच गेला. लक्ष्मीचा मुलगा तिसरा इंद्र राजा झाला. त्याची राणी विजांबा, तीही कोक्कल्लाची पणती. गोविंदांबेचा मुलगा तिसरा अमोघवर्ष, त्याची राणी कुंदकदेवी, तीही कलचुरी युवराजदेवाची मुलगी. चार पिढ्या एकाच घरच्या मुली एकाच घरात येत राहिल्या. माझ्या पानावर दुहेरी रेघांचं जाळं झालं, आमच्या पानासारखंच.

रक्ताचं नातं म्हणजे प्रेम आलंच, असं मात्र या पानावर दिसत नाही. कुंदकदेवीचा मुलगा तिसरा कृष्ण. त्यानं कलचुरी सहस्रार्जुनाला हरवलं, आणि तो आपल्या आईच्या आणि बायकोच्या नात्यातला वडीलधारा होता तरीही हरवलं, हे त्याच्या प्रशस्तीत अभिमानानं नोंदवलं आहे. राष्ट्रकूटांचं राज्य शेवटी ९७३ साली ज्यानं घेतलं, त्या चालुक्य दुसऱ्या तैलपाचंही असंच. त्याची आजी कृष्ण नावाच्या राष्ट्रकूट राजाची मुलगी, आई बोंथादेवी कलचुरींची आणि बायको जाकव्वे पुन्हा राष्ट्रकूटांची. याच तैलपाच्या वंशजांनी पुढे राजधानी कल्याणीला, आमच्या बिदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणला नेली. पुस्तकात आपण लिहितो, एक घराणं बुडालं, दुसरं आलं. बायकांच्या बाजूनं बघितलं तर घर तेच राहिलं, फक्त भांडण सोयऱ्यांत झालं.

राष्ट्रकूटांचा शेवटचा वारस चौथा इंद्र. त्यानं ९८२ साली श्रवणबेळगोळला सल्लेखना घेऊन देह ठेवला. तिथे चंद्रगिरीवर त्याचा लेख आहे. त्यात त्याची ओळख कशी दिली आहे? कृष्णराजाचा नातू, गंग राजाच्या मुलीचा मुलगा आणि राजचूडामणीचा जावई. राज्य गेलं, गादी गेली, तेव्हा माणूस उरला तो आजोबांचा, आजोळचा आणि सासुरवाडीचा. मला हा लेख फार जवळचा वाटतो. आत्या कुणाचीही ओळख नेमकी अशीच करून देतात.

हे काही आपल्याकडचंच नाही. इंग्लंडात १५३० पासून १६८८ पर्यंत राजाचे भाट-अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून जमीनदार घराण्यांच्या वंशावळी तपासून नोंदवत. त्यांचे हेळवीच म्हणा ना. तिथलीही बडी घरं आपसांत लग्नं करून गुंतलेली होती. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन १८३९ साली एमा वेजवुडशी लग्न करता झाला, ती त्याची सख्खी मामेबहीण. त्याआधी दोन वर्षं त्याची बहीण कॅरोलाइन एमाच्याच भावाला दिली होती. याला आपण साटंलोटं म्हणतो! डार्विनची दहापैकी तीन मुलं लहानपणीच गेली. झाडांवर प्रयोग करताना त्याला स्वतःच्याच घराची काळजी वाटत राहिली. १८७१च्या जनगणनेत भावंडांतल्या लग्नांबद्दल प्रश्न घालावा, अशी त्यानं खटपट केली. पार्लमेंटनं नकार दिला. घरातली ही गोष्ट विचारू नये, असंच तिथेही वाटलं असणार. मग त्याच्या मुलानं, जॉर्जनं, १८७५ साली स्वतः आकडे गोळा करून अभ्यास मांडला.

आमचा कागद पुरा झाला तेव्हा तो जेवणाच्या टेबलाएवढा झाला होता. चिकटपट्टीनं पानं जोडून मी तो जमिनीवर पसरला. धाकटे दीर दुकानातून आले, वाकून बराच वेळ बघत राहिले. स्वतःचा चौकोन त्यांना सापडला. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे तो मी काळा भरला होता. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि लिहिलं, "मी जन्माला यायला नको होतो का?"

आत्यांनी चिठ्ठी वाचायला मागितली. मी वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. मी चिठ्ठीच्या मागे लिहिलं, "तुम्ही नसता तर हे घर नसतं. पण पुढच्या पोरांना विचारायला तरी मिळू दे." त्यांनी वाचलं, चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मग पेन घेऊन त्यांनी कागदावर एक गोल दाखवला, त्यातलं नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. मावसआजीची ही मुलगी आणि ती पलीकडची, यांची मी अदलाबदल केली होती. आत्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. लग्नकार्यात सगळे गप्पा मारतात तेव्हा हा माणूस चेहरे बघत बसतो. कुणाचं नाक कुणावर गेलंय, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्या दिवसापासून त्यांनी सात चुका दुरुस्त केल्या.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता बघून सांगितलं, की मामे-आतेभावंडांत साधारण आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात आणि एकदा असं लग्न झालं म्हणून फार घाबरायचं कारण नसतं. पण तीच नाती पिढ्यान्‌पिढ्या उलटून आली की हिशेब बदलतो. रक्ताच्या तपासण्या झाल्या, दिरांचीही झाली. त्यांच्या बहिरेपणाचं कारण जनुकात सापडलं आणि माझा मुलगा नि भाची दोघंही त्याचे वाहक निघाले. दोघांना स्वतःला काही त्रास नाही. पण त्यांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलामागे चारातला एक संभव.

मुलांनी आपसांत बोलून नाही म्हटलं. मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले. दादाला ते लागलं. "चार पिढ्या चाललं ते तुलाच कसं चालेना? कागद काढलास म्हणून हे सगळं," असं तो फोनवर म्हणाला. एका अर्थी त्याचं खरंच आहे. कागद काढला नसता तर मांडव पडला असता आणि माझ्या माहेरचं दार पुढच्या पिढीतही उघडं राहिलं असतं. माहेर टिकावं म्हणून तर बायका भावाची मुलगी मागतात. कोक्कल्लाच्या मुलीलाही परमुलखात, परभाषेत आपल्या घरचं एक माणूस हवं वाटलं असेल. हे मला कळतं, म्हणून दादाचा राग मी अंगाला लावून घेत नाही. पण यंदाच्या भाऊबीजेला तो आला नाही. ताट तयार होतं.

वहिनी आल्या. भाचीला घेऊन एसटीनं आल्या. जेवणं लवकर उरकली. वहिनींनी विचारलं, "तो कागद कुठाय?" मी पसरला. त्यांनी आपला गोल शोधला. दादाच्या चौकोनाला जोडलेला होता, पण वर कुणीच नव्हतं. त्यांचं माहेर लांबचं, आमच्या गोतात नाही, म्हणून मी तिथे थांबले होते. "माझी आई कुठाय यात?" त्या म्हणाल्या. भाचीनं नवं पान चिकटवलं. वहिनी सांगत गेल्या, भाची लिहीत गेली. आईचं नाव, आईचं माहेरचं नाव, आजीचं नाव. पणजीशी त्या अडल्या. म्हणाल्या, "मावशीला ठाऊक असेल. थांबा, फोन लावते."